रात्रभर कोण झोपतं?

लस टोचायच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर सगळ्या आया सारख्याच दिसतात. खांद्यावर दुपटं, केस कसेबसे गुंडाळलेले, एक डोळा मुलावर आणि दुसरा नंबर पुकारणाऱ्या नर्सबाईंवर. तिथे बोलायला विषय शोधावा लागत नाही. वजन किती भरलं, दात आले का, रांगते का, आणि मग ठरलेला प्रश्न: रात्री झोपू देते का? मी तो विचारायच्या आधीच शेजारच्या बाईंनी सांगून टाकलं, ‘आमची बाई रात्रभर झोपते हं. सहाव्या महिन्यापासून. एकदा ठेवली की थेट सकाळी.’ बढाई नव्हती त्यात. माझ्या डोळ्यांखालची वर्तुळं बघून थोडं अवघडूनच बोलल्या त्या. त्यांच्या पलीकडे त्यांचे यजमान लेकीला मांडीवर उभं करून नाचवत होते. मान वरही न करता ते म्हणाले, ‘रात्रभर तू झोपतेस. ती उठते.’

बाई गर्रकन वळल्या. ‘म्हणजे?’ ‘म्हणजे उठते. दोनदा तरी. इकडेतिकडे बघते, पायाच्या बोटांशी खेळते, झोपते परत.’ ‘मग मला कधी बोलला नाहीस?’ यावर ते काही म्हणणार तेवढ्यात त्यांचा नंबर लागला. आत गेल्यावर त्या लेकीने असं काही भोकाड पसरलं की बाहेरच्या सगळ्या मुलांनी तिला साथ दिली. त्यांच्यापुरता विषय तिथे संपला असेल. माझ्या मनात मात्र ते वाक्य सलत राहिलं. कारण तोवर माझ्या लेखी जगात मुलांच्या दोनच जाती होत्या, झोपणारी आणि न झोपणारी. आणि आमच्या वाट्याला कुठली आली आहे, याबद्दल काही शंका नव्हती.

शंका नव्हती असं म्हणते, पण मधले काही आठवडे होती. पाचव्या-सहाव्या महिन्यात आमची लेकसुद्धा झोपायला लागली होती. संध्याकाळी ठेवली की पहाटेपर्यंत हूं की चूं नाही. त्या दिवसांत आम्ही दोघं जरा माजलो होतो. रात्री जेवून निवांत गप्पा मारत बसायचो, एखादा सिनेमा एका बैठकीत बघायचो, आणि ज्यांची मुलं अजून उठत होती त्यांना सल्ले द्यायचो. वेळ ठरवा, खोलीत अंधार करा, जमेल सगळं. मग आठवा सरून नववा लागला आणि एका रात्री दीडच्या सुमारास किंकाळी ऐकू आली. धावत जाऊन बघते तर बाईसाहेब कॉटच्या कठड्याला धरून ताठ उभ्या. डोळे अर्धे मिटलेले, गाल ओले, गुडघे लटपटताहेत. तिला झोपायचं होतं. फक्त उभं राहिल्यावर खाली कसं बसायचं हे तिला अजून येत नव्हतं.

त्या रात्री हसू आलं. पुढच्या रात्री कमी आलं. आठवडाभराने मी तिला आडवी करायचे आणि माझा हात निघायच्या आत ती पुन्हा उभी, असा प्रकार सुरू झाला तेव्हा हसण्यासारखं काही उरलंच नव्हतं. झोपेत असतानाच ती उठून उभी राहायची. दिवसा जे शिकत होती त्याचा सराव तिचं अंग रात्रीही करत होतं. हैफा विद्यापीठातल्या अनात शेर यांनी रांगू लागणाऱ्या बाळांच्या झोपेचा बरीच वर्षं अभ्यास केला आहे. रांगायला लागण्याच्या सुमारास बाळं रात्री जास्त उठतात आणि पुढे हळूहळू पूर्ववत होतात, असं त्यांना दिसलं. हे मी कधी वाचलं असेल ते सांगायला नकोच. पहाटे, एका हाताने थोपटत, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मोबाइल वर सरकवत. त्याच बैठकांमध्ये मुलांच्या चालण्याचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ कॅरन अॅडॉल्फ यांच्या प्रयोगाचाही पत्ता लागला. 2012 साली त्यांनी मोजून दाखवलं की नुकती चालायला लागलेली मुलं मोकळं सोडल्यावर तासाला सरासरी 2,368 पावलं टाकतात आणि 17 वेळा पडतात. तासाला सतरा! इतक्या वेळा आपटून घेतलेलं शरीर रात्री गप पडून राहील, ही अपेक्षा कुणी केली कोण जाणे. निदान त्या शरीराने तरी केली नव्हती.

यातून एक उपाय मात्र सापडला, आणि तो रात्रीचा नव्हताच. दिवसा खेळता खेळता आम्ही तिला उभ्याचं बसायला शिकवायला लागलो. खेळणं खाली ठेवायचं, तिचे हात धरून गुडघे हळूच वाकवायचे, धप्पकन बसली की टाळ्या. चार-पाच दिवसांत तिला ते जमलं आणि रात्रीचं उभं राहून रडणं थांबलं. उठणं थांबलं नाही. आता ती बसून रडायची.

कारण तोवर दुसरी भानगड सुरू झाली होती. याच वयात मुलांना कळायला लागतं की डोळ्यांआड गेलेली वस्तू नाहीशी होत नाही, ती कुठेतरी असते. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजेंनी स्वतःच्या मुलांसमोर वस्तू चादरीखाली लपवून हे पाहिलं होतं. त्याआधीच्या वयात बाळाच्या समोरून खेळणं उचललं की प्रकरण मिटतं. आठव्या-नवव्या महिन्यानंतर ते चादर ओढून शोधू लागतं. आमच्याकडे ‘बुवा-कुक’ची लाट होती तेव्हा. ओढणी तोंडावर घ्यायची, बाजूला करायची, की ती खिदळून लोळण घ्यायची. पन्नासदा केलं तरी तेवढंच हसू. दिवसाढवळ्या हे फार गोड दिसतं. रात्री तोच शोध तिला वेगळ्या रूपात भेटायचा. डोळे उघडले, आई दिसत नाही, म्हणजे आई दुसरीकडे कुठेतरी आहे. कुठे? का? आणि ओढणी बाजूला कोण करणार? तान्हेपणी तिला भूक लागली म्हणून रडायची, ते रडणं पोटाचं होतं. हे रडणं पत्ता विचारणारं होतं. पाजलं तरी डोळे टक्क उघडे ठेवून माझ्या तोंडाकडे बघत राहायची, एका हाताने गळ्यातली साखळी धरून. मी सुटून जाऊ नये म्हणून असावं.

साखळी दोनदा तुटली.

दवाखान्यातलं ते वाक्य मला पुन्हा भेटलं ते थॉमस अँडर्स यांच्यामुळे. 1979 साली या बालमानसतज्ज्ञाने बाळांच्या घरी रात्रभर कॅमेरे लावले. ही साधी कल्पना तोवर फारशी कुणी वापरली नव्हती. आई-बाप सकाळी सांगतील ती झोप, असाच हिशेब असायचा. कॅमेऱ्यात दिसलं की ज्या मुलांचे आई-बाप ‘आमचं बाळ रात्रभर झोपतं’ असं सांगत होते ती मुलंही रात्रीतून उठत होती. डोळे उघडायची, हात चोखायची, इकडेतिकडे बघायची आणि झोपून जायची. उरलेली उठून हाका मारायची. बाकावरच्या त्या गृहस्थांनी कॅमेऱ्याशिवाय हाच निष्कर्ष काढला होता. सगळ्यांचीच झोप आवर्तनांनी बनलेली असते, मोठ्यांची साधारण नव्वद मिनिटांची, लहान बाळांची तासाभराची, आणि एक आवर्तन संपून दुसरं सुरू होताना आपण सगळेच वरवर येतो. उशी सारखी करतो, कूस बदलतो, आणि सकाळी आठवत नाही म्हणून झोपलो होतो असं म्हणतो. तेव्हा आमची लेक उठते ही तक्रार मुळात लंगडी होती. ती हाक मारते, एवढीच खरी बातमी.

हे कळल्याने झोप वाढली नाही, पण माझा मत्सर मात्र बराच निवळला. त्यात कॅनडातल्या एका अभ्यासाने आणखी भर घातली. 2018 साली मारी-एलेन पेनेस्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 388 बाळांची नोंद छापली. सहा महिन्यांच्या मुलांपैकी 38 टक्के मुलं सलग सहा तासही झोपत नव्हती. वर्षाची झाल्यावरसुद्धा 28 टक्के मुलं सलग सहा तास आणि 43 टक्के मुलं सलग आठ तास झोपत नव्हती. आणि जी उठत होती ती बुद्धी, हालचाली कशातच मागे नव्हती. म्हणजे बाकावर बसलेल्या दहा आयांपैकी निदान तिघी-चौघींच्या घरी रात्री दिवे लागत होते. मग त्या सगळ्या गप्प का होत्या? माझा अंदाज असा की मुलाची झोप ही आपल्याकडे आईच्या प्रगतिपुस्तकात धरली जाते. बाळ झोपतं तर आईला जमतं. उठतं तर आईने कुठेतरी लाड केले, नाहीतर उशिरा जेवू घातलं, नाहीतर उचलून घ्यायची सवय लावली. दात उशिरा आले तर कुणी आईला बोल लावत नाही. झोपेच्या बाबतीत मात्र सगळे परीक्षक.

आता थोडं त्या हाकेविषयी. रात्री पुष्कळ वेळ बसल्यावर मला तिच्या आवाजांचे प्रकार कळायला लागले. कण्हल्यासारखा एक आवाज असतो, त्यात ती मुळी जागी नसतेच. पापण्यांखाली बुबुळं इकडून तिकडे पळताहेत, ओठ चोखल्यासारखे हलताहेत, मधेच हसू, मधेच रडवेला चेहरा, एक लाथ, एक सुस्कारा. ही बाळांची जिवंत झोप. 1953 साली शिकागो विद्यापीठात यूजीन असेरिन्स्की आणि नॅथनिएल क्लाइटमन यांनी बुबुळांच्या पळापळीची जी झोप जगापुढे मांडली, तिचा माग त्यांना आधी झोपलेल्या बाळांच्या पापण्यांवरूनच लागला होता. नवजात बाळाची जवळपास निम्मी झोप अशीच असते. या झोपेत आवाज केलेल्या बाळाला आपण मायेने उचलतो आणि तेव्हा ते खरंच जागं होतं. म्हणून मी थांबायला शिकले. फार नाही, चार-पाच श्वास. दारात उभं राहून ऐकायचं. किती रात्री तिचं कण्हणं आपोआप विरून जायचं आणि मी थंड फरशीवर अनवाणी उभी, घशाला कोरड, आत जावं की परत फिरावं या विचारात. परत येऊन आडवं व्हावं तर आता मी टक्क जागी. ती झोपली, माझ्या झोपेचं खोबरं.

या जागरणाविषयी लिहिताना त्याला फार गोजिरवाणं रूप देऊ नये असं मला वाटतं. तीन वाजता चौथ्यांदा उठताना जे वाटतं त्यात माया फार थोडी असते. दात आवळलेले असतात. थोपटणाऱ्या हाताचा जोर आपोआप वाढतो आणि आपणच चपापून हात मागे घेतो. सतरा तास सलग जागं राहिलेल्या माणसाच्या हालचाली रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्या माणसाइतक्या मंदावतात, असं 1997 साली दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी दाखवलं होतं. पुष्कळ देशांत एवढ्या दारूवर गाडी चालवू देत नाहीत. मूल मात्र सांभाळू देतात. म्हणून एक गोष्ट अगदी कोरडेपणाने सांगते. बाळाला घेऊन सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत डोळा लागू देऊ नये. बाळ गाद्यांच्या फटीत किंवा आपल्या अंगाखाली सरकून गुदमरतं, आणि दमलेल्या माणसाला जाग येत नाही. पेंग येतेय असं वाटलं की बाळाला त्याच्या सपाट, घट्ट गादीवर पाठीवर ठेवायचं, मग ते रडलं तरी चालेल. किंवा सरळ दुसऱ्याला उठवायचं. आणि एरवी शांत झोपणारं मूल एकाएकी आडवं केलं की किंचाळायला लागलं, कान ओढायला लागलं, ताप आला, झोपेत घोरू लागलं, तर ते वाढीचं लक्षण समजून बसू नये. डॉक्टरांकडे जावं.

चिडलेल्या आई-बापांचा इतिहासही जुना आहे. रडणाऱ्या बाळाला शांत करण्याचे मंत्र बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर लिहिलेले सापडले आहेत. बाळाच्या आरडाओरड्याने घरातला देव जागा झाला, अशी तक्रार त्यांत आहे. देव म्हणजे कोण, हे कुठल्याही आईला बरोबर कळेल. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत मिसेस विन्स्लो यांचं बाळांना गुंगवणारं सिरप घरोघर गेलं. त्यात चक्क मॉर्फिन होतं. कित्येक बाळं त्यानंतर उठलीच नाहीत. त्या आयांना दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. बाटलीवर मॉर्फिनचा उल्लेख नव्हता, आणि रात्र तेवढीच लांब होती.

आजच्या बाटल्या वेगळ्या आहेत. मोबाइलवर दोन पंथ मिळतात. एक म्हणतो, मुलाला रडू द्या, ठरावीक मिनिटांनी डोकावा, स्वतःचं स्वतः झोपायला शिकेल. दुसरा म्हणतो, असं केलंत तर त्याचा जगावरचा विश्वास उडेल. दोन्हींकडे मंडळी इतकी तावातावाने बोलतात की ती स्वतः कधी झोपतात हा प्रश्न पडतो. पुरावा बघायला गेलं तर तो दोघांनाही फारसा खूश करत नाही. ऑस्ट्रेलियात 2016 साली सहा ते सोळा महिन्यांच्या 43 मुलांवर एक प्रयोग झाला. काहींना थोडं थोडं रडू दिलं, काहींची झोपायची वेळ थोडी पुढे सरकवली, काहींच्या आई-बापांना नुसती माहिती दिली. पहिल्या दोन्ही गटांतली मुलं आडवी केल्यावर पटकन झोपू लागली, आणि वर्षभरानंतर त्यांच्या आईशी असलेल्या नात्यात काही बिघाड दिसला नाही. त्याच देशातल्या दुसऱ्या एका अभ्यासात सात-आठ महिन्यांची असताना ज्यांच्या आई-बापांना झोपेच्या युक्त्या शिकवल्या होत्या ती मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली. तोटा दिसला नाही. आणि फायदाही टिकलेला नव्हता. माझं मत विचाराल तर रडू देणारे आई-बाप दुष्ट नसतात आणि कुशीत घेणारे वेंधळे नसतात. ज्याला ज्या रात्री जे झेपतं ते त्याने करावं. आम्हाला रडू देणं झेपलं नाही, कारण माझ्या आधी नवराच रडवेला व्हायचा.

त्याला एक गोष्ट मात्र माझ्याहून चांगली यायची, आणि ती मला बरेच दिवस खुपत होती. तो तिला खांद्यावर घेऊन एकाच चालीने चालायचा. गाणं नाही, बोलणं नाही, थोपटणं नाही. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, वळताना एक गिरकी. मग खुर्चीत टेकून नुसता बसून राहायचा आणि बऱ्याच वेळाने खाली ठेवायचा. मी ठेवली की पाठ गादीला टेकायच्या आत जागी होणारी पोरगी त्याने ठेवली की निपचित. जपानमधल्या रिकेन संस्थेने 2022 मध्ये हाच प्रकार बाळांच्या हृदयाचे ठोके मोजत तपासला. पाच मिनिटं चालायचं, मग पाच ते आठ मिनिटं मांडीत घेऊन बसायचं, आणि मग ठेवायचं, हे त्यातून निघालं. आणि बाळ जागं होतं ते पाठ गादीला टेकल्यावर नाही, तर अंगापासून दूर व्हायला लागल्याच क्षणी, असंही दिसलं. प्रयोगातली बाळं आमच्या लेकीपेक्षा लहान होती, तरी मी त्याला ते वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘मला पाय दुखले की मी बसायचो.’

तो तिला घेऊन चालत असताना मी पलंगावर पडून छताकडे बघत असायचे. झोपायला मोकळी होते, झोप येत नव्हती. भिंतीपलीकडून त्याच्या पावलांचा फरशीवर येणारा चप चप आवाज आणि तिचं कमी कमी होत जाणारं हुंदकणं ऐकायचे. सुटका झाली असं वाटायचं आणि त्याच वेळी आत काहीतरी टोचायचंही. माझ्याशिवाय झोपली! दिवसभर मी जिच्यासाठी कुरकुरत होते की हिला माझ्याशिवाय चालत नाही, तिला चालत होतं. गरज असण्याचा कंटाळा आणि गरज नसण्याची धास्ती एकाच उशीवर. याचं काय करायचं ते मला अजून नीट कळलेलं नाही.

पहिल्या वाढदिवसाच्या आसपास ते वादळ ओसरलं. दीड वर्षाच्या सुमारास पुन्हा उठलं, बोलायला लागली तेव्हा. आता मधूनमधून येतं. जर्मनीतल्या हजारो कुटुंबांच्या 2019 मधल्या एका पाहणीनुसार पहिल्या मुलानंतर सहा वर्षांपर्यंत आई-बापांची झोप आधीइतकी होत नाही. आयांची साधारण 20 मिनिटांनी कमी राहते, बापांची 15. या पाच मिनिटांच्या फरकावरून आमच्यात एक छोटं भांडणही झालं. ‘म्हणजे जवळजवळ सारखंच की,’ तो म्हणाला. मी काही बोलले नाही. त्या पाच मिनिटांत चौथ्यांदा कोण उठतं, हे त्या पाहणीत नसावं.

गेल्या महिन्यात एका रात्री हाक आली. मी सवयीने पाय खाली सोडले, आणि मग ऐकलं की आतून ‘आई’ येत नाहीये. ‘बाबाऽऽ’ येतंय. स्पष्ट, हुकमी, दोनदा. क्षणभर वाईट वाटलं. मग मी पाय परत वर घेतले आणि शेजारी कोपराने ढोसलं, ‘ऊठ. तुला बोलावणं आलंय.’ ‘मला? खरंच?’ म्हणत तो धडपडत उठला, खूशच दिसत होता. त्याला चपला सापडेनात म्हणून तो तसाच गेला, आणि मी त्याची उशीही माझ्याकडे ओढून घेतली.